मुद्दल खाऊन त्याला उत्पन्न म्हणायचे?



आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मध्यंतरी चांगलीच जुंपली होती. निमित्त एका रस्त्याचे. रुंदीकरणासाठी कडुनिंबाची जुनी झाडे तोडणार, म्हणून कुणीतरी हळहळले. त्यावर माझ्या एका भाच्याने (हुशार आहे, इंजिनिअर आहे, मावशीवर मायाही आहे) लिहिले, "हे पर्यावरण वगैरे युरोप-अमेरिकेचं खूळ आहे. त्यांची पोटं भरली, आता आपल्याला उपदेश करतात. गरीब देशाला हे परवडत नाही." त्याला सात अंगठे मिळाले. मोजले मी. मास्तरकीची सवय जात नाही.

मोबाइलवर लांब उत्तर लिहिणे मला जमत नाही, म्हणून इथे लिहिते आहे. हे वाक्य काही एकट्या भाच्याचे नाही. कट्ट्यावर, लग्नात, बँकेच्या रांगेत, सगळीकडे ऐकू येते. मला ते चूक वाटते, आणि चूक का ते सांगायला मला युरोपात जावे लागत नाही. आमच्या वर्ध्याच्या मगनवाडीत एक माणूस राहून गेला. त्याने १९४५ साली एक पुस्तक छापले. त्या वेळी जगात 'पर्यावरणवादी' हा शब्दसुद्धा रूढ झाला नव्हता. रेचेल कार्सन यांचे गाजलेले पुस्तक १९६२ चे. स्टॉकहोमची पहिली मोठी परिषद १९७२ ची. म्हणजे 'खूळ' जर असेल, तर ते आधी आपल्याकडचेच आहे!

त्या माणसाचे नाव जोसेफ कॉर्नेलियस कुमारप्पा. पुस्तकाचे नाव 'इकॉनॉमी ऑफ परमनन्स', म्हणजे शाश्वततेचे, टिकाऊपणाचे अर्थशास्त्र.

आता कुणी म्हणेल, गांधींचे कुणी शिष्य असतील, झाडाखाली बसून चिंतन केले असेल. तसे नाही. हा माणूस हिशेब तपासनीस होता. ऑडिटर! ४ जानेवारी १८९२ रोजी तंजावरच्या एका ख्रिस्ती कुटुंबात जन्म. लंडनला जाऊन हिशेबशास्त्र शिकले, मुंबईत व्यवसाय केला, साहेबी कपडे, साहेबी राहणी. पुढे अमेरिकेत गेले आणि कोलंबिया विद्यापीठात सेलिग्मन या नामवंत अर्थशास्त्रज्ञाच्या हाताखाली अभ्यास केला. तिथे त्यांनी इंग्रज सरकार हिंदुस्थानातून कर किती घेते आणि त्यातले लोकांवर खर्च किती करते, याचा हिशेब मांडला. तोपर्यंत ते काही देशभक्त वगैरे नव्हते. आकडे मांडता मांडता झाले.

तो प्रबंध घेऊन १९२९ च्या मे महिन्यात ते साबरमतीला गांधीजींना भेटले. गांधीजींनी तो 'यंग इंडिया'त क्रमशः छापला आणि या ऑडिटरला गुजरातेतल्या खेडा जिल्ह्यातील मातर तालुक्याची आर्थिक पाहणी करायला पाठवले. गावोगाव फिरून, शेतकऱ्याला काय मिळते आणि काय उरते, हे त्यांनी आणि विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी लिहून काढले. सूट गेला, खादी आली. पण हिशेबाची वही सुटली नाही.

१९३४ च्या बिहार भूकंपाच्या वेळी मदतनिधीचे हिशेब कुमारप्पांकडे होते. कार्यकर्त्यांच्या रोजच्या खर्चाला त्यांनी काही आण्यांची मर्यादा घालून दिली. मग गांधीजी आपल्या मंडळींसह तिथे येणार असे ठरले, तेव्हा कुमारप्पांनी महादेवभाईंना कळवले की या मंडळींचा खर्च भूकंपाच्या निधीतून होणार नाही, त्याची सोय दुसरीकडून करा. खुद्द गांधींना! हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढचे सगळे विचार याच स्वभावातून आले आहेत. पैसा ज्याचा आहे, त्याला विचारल्याशिवाय आणि त्याच्या कामाशिवाय तो खर्च करायचा नाही. एवढेच त्यांनी पुढे कोळशाला, जंगलाला आणि मातीला लावले.

तर आता मुख्य मुद्दा.

ज्यांनी बँकेत मुदत ठेव ठेवली आहे (माझ्यासारखे सगळेच पेन्शनर), त्यांना मुद्दल आणि व्याज यातला फरक सांगावा लागत नाही. व्याजावर घर चालवले तर ठेव राहते. मुद्दल काढून खाल्ले तर चार वर्षे थाट होतो आणि पाचव्या वर्षी मुलांपुढे हात पसरावा लागतो. त्या चार वर्षांत शेजारी म्हणतात, "काय प्रगती आहे हो यांची!"

कुमारप्पांनी निसर्गाच्या संपत्तीचे असेच दोन भाग केले. एक साठ्याची संपत्ती. कोळसा, खनिज तेल, धातू. हे जमिनीत ठरावीक आहे, काढले की गेले. दुसरी वाहती संपत्ती. ऊन, पाऊस, गवत, जनावराचे बळ, माणसाचे श्रम, आणि नीट राखले तर जंगलसुद्धा. ही वापरली तरी पुन्हा येते. त्यांचे म्हणणे असे की ज्या समाजाची घडी साठ्यावर बसली आहे ती टिकणार नाही, आणि टिकेपर्यंत भांडणे लावील, कारण साठा मर्यादित आणि मागणारे अनेक. हे त्यांनी लिहिले तेव्हा दुसरे महायुद्ध चालू होते आणि ते स्वतः जबलपूरच्या तुरुंगात होते. तेलासाठी देश एकमेकांच्या नरड्याला लागलेले ते पाहत होते. त्यानंतर तेलावरून किती युद्धे झाली, ते मी सांगायला नको. इतिहास-भूगोल मी तीस वर्षे शिकवला आहे, पण ही यादी आता मुलांनाही पाठ आहे.

माणसे निसर्गाशी कशी वागतात, याचेही त्यांनी पाच प्रकार सांगितले. दुसऱ्याच्या जिवावर जगणारा बांडगुळी प्रकार. आमराईत शिरलेल्या माकडासारखा, काही न लावता ओरबाडणारा लुटारू प्रकार. मधमाशी फुलातून मध घेते पण जाता जाता परागीकरणाचे कामही करते, तसा घेतल्याची परतफेड करणारा उद्योगी प्रकार. मग स्वतःपुरते न पाहता सगळ्या पोळ्यासाठी राबणारा समूहाचा प्रकार. आणि शेवटी पिलांना भरवणाऱ्या पक्षिणीसारखा, परतीची अपेक्षा न ठेवणारा सेवेचा प्रकार. वर्गात हे फळ्यावर लिहून दिले असते तर सातवीच्या मुलालाही कळले असते. पण मला हे कधी वर्गात शिकवता आले नाही, कारण मी शिकवलेल्या एकाही पाठ्यपुस्तकात कुमारप्पा नव्हते. त्यांच्या कर्मभूमीत, वर्धा जिल्ह्यात शिकवत असूनही!

बरे, हे नुसते पुस्तकी पंडितही नव्हते. १९३४ च्या अखेरीस अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला. जमनालाल बजाजांनी आपली बाग दिली, तिला मगनलाल गांधींच्या नावावरून मगनवाडी म्हणू लागले. कुमारप्पा संघाचे सचिव. तिथे तेलघाणी सुधारली, हातकागद केला, मधमाश्या पाळल्या, ताडाचा गूळ केला. रॉकेल बाहेरून येते म्हणून वनस्पती तेलावर जळणारा 'मगन दीप' काढला. मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या सरकारने १९३८ मध्ये प्रांतातल्या उद्योगांची पाहणी करण्याचे काम दिले, तेव्हा सहाशेवर खेड्यांची माहिती जमवून अहवाल दिला. जंगलखाते जंगलाकडे महसुलाचे खाते म्हणून पाहते, गावाला लागणारे गवत, जळण आणि लाकूड यांच्या दृष्टीने पाहत नाही, हे ते त्या काळात सांगत होते. मातीची तपासणी न करता रासायनिक खते ओतू नका, हेही सांगत होते. एक लाख लोकवस्तीला धान्य, डाळी, तेलबिया, भाज्या, कापूस किती लागेल आणि त्याला किती एकर जमीन लागेल, याचे कोष्टक मांडून 'आधी हे पिकवा, मग नगदी पिकाकडे वळा' असे म्हणत होते.

आता तुम्हीच बघा. गिरणीच्या चकचकीत तांदळातले सत्त्व जाते, हातसडीचा खा, म्हणून हा माणूस ओरडत होता तेव्हा लोक हसत होते. आज माझ्या पुण्याच्या नातेवाइकांकडे 'ब्राऊन राइस' आणि 'लाकडी घाण्याचे तेल' दुप्पट-तिप्पट भावाने येते, आणि येताना सुंदर बाटलीत येते. हसले कोण, आणि पैसे मोजतेय कोण?

असो. आक्षेपांकडे वळते, कारण ते टाळून पुढे जाणे बरोबर नाही.

पहिला आक्षेप: "कुमारप्पा म्हणजे बैलगाडीचे युग." हे त्यांना जिवंतपणीही ऐकावे लागले. १९३८ मध्ये नेहरूंच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय नियोजन समिती झाली, तिच्यात ते ग्रामोद्योग संघातर्फे होते. मोठ्या कारखान्यांच्या योजनेत आपले जमणार नाही हे दिसल्यावर थोड्याच दिवसांत बाहेर पडले. स्वातंत्र्यानंतर काँग्रेसच्या कृषी सुधारणा समितीचे ते अध्यक्ष होते, १९४९ मध्ये अहवाल दिला, पण देश गेला दुसऱ्याच वाटेने. त्या वाटेने धरणे, पोलाद, वीज आली. धान्यही आले. १९७२ चा दुष्काळ मी कळत्या वयात पाहिला आहे, त्यामुळे कोठारात धान्य असण्याची किंमत मला कुणी शिकवू नये. पण कुमारप्पांचा प्रश्न यंत्र असावे की नसावे असा नव्हताच. यंत्र कशावर चालते, ते संपल्यावर काय, आणि त्याचा फायदा कुणाच्या घरात जातो, हा त्यांचा प्रश्न होता. आज छपरावर सौर पॅनेल बसवणारा माझा भाचा वाहत्या संपत्तीवर यंत्र चालवतो आहे. कुमारप्पांनी त्याची पाठ थोपटली असती!

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. खेड्याचे एवढे गोडवे गायचे, पण खेड्यात जात होती, आहे. डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत खेड्याच्या या कौतुकावर कडाडून टीका केली. ती खरी आहे, आणि ज्यांनी गावकुसाबाहेरचे जगणे भोगले त्यांना स्वयंपूर्ण खेड्याची गोष्ट सांगताना जीभ अडखळली पाहिजे. कुमारप्पांच्या लेखनात या प्रश्नाला हवे तेवढे उत्तर मिळत नाही. तिथे मी बाबासाहेबांच्या बाजूने उभी राहते.

तिसरा आक्षेप माझा स्वतःचा. हातसडी, जाते, घाणी हे सगळे कुणाच्या हाताने चालायचे? माझी आई पहाटे उठून जात्यावर ज्वारी दळायची. गावात पिठाची चक्की आली तेव्हा आमच्या आळीतल्या बायकांना जो आनंद झाला, तो कुठल्याही अर्थशास्त्रज्ञाने बघायला हवा होता. श्रमाचे कौतुक करताना श्रम कुणाच्या वाट्याला येतात हे विचारायलाच पाहिजे. मगनवाडीच्या बाजूने एवढे म्हणते की तिथे जुने तसेच्या तसे ठेवा असा हट्ट नव्हता. घाणी हलकी चालावी म्हणून खटपट झाली, धूर कमी करणारी 'मगन चूल'ही तिथलीच. तरीही माझा आक्षेप मी मागे घेत नाही.

पण हे सगळे आक्षेप मान्य केले, तरी हिशेब चुकीचा ठरतो का? नाही ठरत. पंतोजीचा स्वभाव आवडला नाही म्हणून पाढा बदलत नाही.

आपल्याकडचाच हिशेब घ्या. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर. सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिले. लातूर भागात पाऊस बेताचा, ते आजचे नाही. मग एवढी वेळ का आली? पावसाचे झिरपलेले पाणी हे व्याज, आणि शेकडो फूट खालचे, जमायला फार काळ लागलेले पाणी हे मुद्दल. बोअर मारून आपण मुद्दल काढले, आणि त्यावर ऊस लावला. ज्या वर्षी ऊस भरघोस आला, त्या वर्षी जिल्ह्याचे उत्पन्न वाढल्याची नोंद झाली. खालचे पाणी किती गेले, त्याची नोंद उत्पन्नाच्या त्या आकड्यासमोर कुणी केली? जगात सर्वांत जास्त भूजल उपसणारा देश आपला आहे. ही काही श्रीमंत देशांच्या चोचल्यांची गोष्ट नाही. विहीर आटली की पहिला हंडा गरीब बाईच्या डोक्यावर चढतो. श्रीमंत माणूस टँकर मागवतो.

चंद्रपूरचा कोळसा आमच्या शेजारचा. त्या विजेवर माझाही पंखा चालतो, नाही म्हणत नाही. पण खाणीतून कोळसा काढून विकला की तो सगळा 'उत्पादन' म्हणून जमेला धरतात, आणि खाण रिकामी झाली ते खर्चाच्या बाजूला कुठेच येत नाही. एखाद्या दुकानदाराने गोदामातला माल विकला, नवा भरला नाही, आणि सगळी विक्री नफा म्हणून दाखवली, तर कुमारप्पांसारखा ऑडिटर त्या वहीवर सही करील का? देशाच्या वहीवर मात्र आपण दर वर्षी टाळ्या वाजवून सही करतो. त्या वहीचे नाव जीडीपी.

आणि हे आता फक्त गांधीवादी म्हणत नाहीत. केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ पार्थ दासगुप्ता यांनी २०१३ मध्ये आपल्याच सरकारच्या समितीचे अध्यक्ष म्हणून राष्ट्रीय हिशेबात निसर्गाची संपत्ती कशी धरावी याचा अहवाल दिला. २०२१ मध्ये त्यांनी ब्रिटनच्या अर्थखात्यासाठी मोठा अहवाल लिहिला, त्यातही मुद्दा हाच की निसर्ग हे भांडवल आहे आणि आपण ते खात सुटलो आहोत. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांनी निसर्गाच्या हिशेबाची पद्धत मान्य केली. वर्ध्याच्या ऑडिटरने हे सांगून तोवर शहात्तर वर्षे झाली होती.

गंमत अशी की बाहेरच्यांना ते माहीत होते. शूमाखर यांचे 'स्मॉल इज ब्युटिफुल' हे १९७३ चे पुस्तक जगभर गाजले. आपल्याकडच्या विद्वानांच्या कपाटातही असते. त्यातल्या बौद्ध अर्थशास्त्रावरच्या प्रकरणात त्यांनी कुमारप्पांचे नाव घेऊन त्यांचे विचार उद्धृत केले आहेत. आपण शूमाखर वाचले, आणि कुमारप्पांच्या नावावरून पान उलटले. मग म्हणायचे, पर्यावरण बाहेरून आले!

माझा राग भाच्यावर नाही. माझा राग आम्हा शिक्षकांच्या जगावर जास्त आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे शाळांत पर्यावरण हा विषय सक्तीचा झाला. आम्ही काय केले? प्रकल्पाच्या वह्या. मुलांनी स्टेशनरीच्या दुकानातून तयार चित्रे आणायची, चिकटवायची, वर्ख लावायचा, आम्ही सही करायची. ५ जूनला रोप लावायचे, फोटो काढायचा, पुढच्या वर्षी त्याच खड्ड्यात दुसरे रोप. अशा शिक्षणातून बाहेर पडलेल्या मुलाला पर्यावरण म्हणजे सजावट वाटली, तर दोष त्याचा कसा? त्याला कुणी सांगितलेच नाही की हा विषय गणिताचा आहे. गावात पाऊस किती पडला, विहिरीची पातळी दिवाळीत किती आणि होळीला किती, गावात जळण किती लागते आणि किती उगवते, एवढे जरी मुलांनी दर वर्षी मोजून एका वहीत लिहिले असते, तर दहा वर्षांत प्रत्येक शाळेकडे गावाच्या मुद्दलाचा हिशेब असता. आठवीच्या मुलांना जमण्यासारखे काम आहे. अजूनही करता येईल, आणि मला वाचणाऱ्यांत जे अजून नोकरीत आहेत त्यांना माझी ही विनंती आहे. सरकारच्या परिपत्रकाची वाट पाहू नका.

कुमारप्पा शेवटी तमिळनाडूत मदुराईजवळ कल्लुपट्टीला राहायला गेले. तब्येत खचलेली, दिल्लीत ऐकणारे कुणी नाही. ३० जानेवारी १९६० रोजी ते गेले. गांधीजींच्या पुण्यतिथीचाच दिवस, त्यामुळे त्यांची पुण्यतिथीही त्यातच झाकून जाते.

परवडते की नाही, हा प्रश्न हिशेबाचा आहे ना? मग हिशेब पूर्ण मांडा. रस्त्याने वाचणारा वेळ आणि पेट्रोल जमेला धरा, जरूर धरा. तोडलेल्या कडुनिंबांची सावली, त्यांनी राखलेला ओलावा, तेवढी झाडे पुन्हा उभी राहायला लागणारी चाळीस-पन्नास वर्षे, हेही समोरच्या बाजूला लिहा. मग बेरीज करा. उत्तर रस्त्याच्या बाजूने आले तर मी गप्प बसेन. अर्धे पान कोरे ठेवून उत्तर काढलेत, तर मात्र वही परत मिळेल, लाल शेऱ्यासह.

मगनवाडी आणि तिथले मगन संग्रहालय वर्ध्यात आहे. सेवाग्रामला येणारे बहुतेक लोक तिकडे न जाताच परततात. या कधी, मी दाखवायला येईन. फक्त उन्हाळ्यात नको, आमचे ऊन सोसत नाही तुम्हा पुणे-मुंबईकरांना!